समुद्र नाही, तरी पुळणीवरची फायनल

मे २०२५ मध्ये सेशेल्समध्ये समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर खेळायच्या फुटबॉलचा विश्वचषक झाला. मुंबईहून थेट विमान पकडलं तर चार-साडेचार तासांवर असलेला हा हिंदी महासागरातला बेटांचा देश. तरी आपल्याकडे त्याचा पत्ता कुणाला लागला नाही. सगळ्यांचे डोळे सीमेवरच्या बातम्यांकडे होते, आयपीएलसुद्धा मध्येच थांबली होती. ११ मे रोजी अंतिम सामना झाला. ब्राझील ४, बेलारूस ३. आमच्या फुटबॉलवेड्यांच्या ग्रुपवर मी निकाल टाकला, तर कुणी ब्राझीलचं अभिनंदन केलं नाही, गोल कुणी मारले तेही विचारलं नाही. पहिला मेसेज आला तो असा: "अरे, बेलारूसला समुद्र कुठून आला?"

आलेला नाही. बेलारूस चारही बाजूंनी जमिनीने वेढलेला देश आहे. रशिया, युक्रेन, पोलंड, लिथुआनिया आणि लाटव्हिया हे त्याचे शेजारी. हिवाळ्यात तिथे सगळं गोठतं. अशा देशाचा संघ समुद्रकिनाऱ्यावरच्या फुटबॉलच्या अंतिम फेरीत जातो आणि ब्राझीलला शेवटपर्यंत घाम फोडतो. इकडे हजारो किलोमीटरचा किनारा असलेला आपला देश त्या स्पर्धेत नव्हताच. ग्रुपवरचा तो प्रश्न म्हणूनच चांगला होता. त्याचं उत्तर शोधता शोधता अख्खा खेळ समजतो.

ही स्पर्धा नेमकी कसली?

खेळाचं नाव बीच सॉकर. काही जण बीच फुटबॉल म्हणतात, दोन्ही एकच. प्रत्येक संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात, चार मैदानी आणि एक गोलकीपर. बूट नाहीत. घोट्याला पट्टी गुंडाळता येते, चष्मा लागत असेल तर प्लास्टिकचा घालता येतो, बाकी अनवाणी.

किनाऱ्यावर फुटबॉल खेळणं ब्राझीलमध्ये जुनंच. रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर पोरं कायमच खेळत आलीत. पण किती खेळाडू, किती वेळ, मैदान केवढं, हे सगळं कागदावर आलं ते १९९२ मध्ये. त्यानंतर १९९५ साली कोपाकबानावरच पहिली जागतिक स्पर्धा झाली. ब्राझीलने अंतिम सामन्यात अमेरिकेला ८-१ असं लोळवलं. त्या संघात झिको आणि ज्युनिअर होते. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकातला ब्राझील ज्यांनी पाहिलाय किंवा ज्यांच्या काका-मामांनी त्याच्या गोष्टी सांगितल्यात, त्यांना ही नावं वेगळी सांगायला नकोत. तेव्हा हा खेळ बराचसा निवृत्त मोठ्या खेळाडूंच्या जत्रेसारखा होता.

२००५ पासून स्पर्धा फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, आपल्याकडे घेतली आणि जत्रेचं रूप पालटलं. आता खंडाखंडात पात्रता फेऱ्या होतात आणि त्यातून १६ देश येतात. सेशेल्समध्ये युरोपातून चार, आशियातून तीन, दक्षिण अमेरिकेतून तीन, यजमान धरून आफ्रिकेतून तीन, मध्य अमेरिकेतून दोन आणि ओशनियातून एक असे संघ होते. चार-चार संघांचे चार गट, प्रत्येक गटातून दोन पुढे, मग बाद फेरी. एकूण ३२ सामने. सुरुवातीला स्पर्धा दरवर्षी व्हायची, २००९ नंतर साधारण एकाआड एक वर्षी होते. आफ्रिकेत ती पहिल्यांदाच आली ती सेशेल्समध्ये.

सगळी गंमत वाळूत

आता मुद्द्याचं. हा खेळ समजायचा असेल तर चेंडूआधी वाळू समजून घ्यावी लागते.

कोकणात किंवा गोव्यात संध्याकाळी किनाऱ्यावर पोरं फुटबॉल खेळताना आपण सगळ्यांनी पाहिलीत. जरा आठवून बघा, ती नेमकी कुठे खेळत असतात? ओहोटी लागलेली असते, पाणी मागे गेलेलं असतं आणि मागे उरलेल्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर डाव रंगलेला असतो. तिथे चेंडू सरळ घरंगळतो, टप्पा पडतो, सायकलसुद्धा चालते. वर, सुरूच्या झाडांच्या बाजूला, कोरडी पुळण असते. तिथे कुणी खेळत नाही. तिथे लोक बसतात, भेळ खातात, चपला हातात घेऊन चालतात.

विश्वचषक त्या वरच्या कोरड्या पुळणीवर खेळतात.

ओली वाळू घट्ट का असते? कणाकणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि तो कण एकमेकांना धरून ठेवतो. पोरं वाळूचा किल्ला बांधायला ओली वाळूच घेतात ती त्यासाठीच. कोरडे कण मात्र एकमेकांवरून घसरत राहतात. पाय टाकला की खाली रुततो, जोर लावला की मागे सरकतो. डांबरी रस्ता तुम्ही दिलेला जोर बराचसा परत करतो. कोरडी वाळू सावकारासारखी आहे, आलेलं सगळं ठेवून घेते. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये हे मोजून पाहिलं होतं. कडक जमिनीच्या तुलनेत वाळूत चालायला २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते आणि धावायला १.६ पट. म्हणजे हा खेळ खेळणारा माणूस सतत चढ चढत असतो म्हणा ना.

आणि ही वाळू कुठलीही चालत नाही. नियमच आहे की थर किमान ४० सेंटिमीटर खोल हवा. चाळून घेतलेली हवी, खडे-शिंपले नकोत, कारण पाय अनवाणी. पण इतकीही बारीक नको की धुरळा उडेल आणि अंगाला चिकटेल. कुस्तीच्या हौद्यातली माती कशी खणून, चाळून, भुसभुशीत करून ठेवतात, तसाच प्रकार. तिथे जशी शेतातली कुठलीही माती आणून टाकत नाहीत, तशी इथे किनाऱ्यावरची कुठलीही वाळू भागत नाही. सामना संपला की मोठे फावडे-दाताळे घेऊन माणसं मैदान पुन्हा सपाट करतात. ऊन तापलं की वाळूवर पाणी मारावं लागतं, नाहीतर तळपाय भाजतात.

या वाळूवर चुन्याची रेघ मारून उपयोग नाही, पहिल्या मिनिटातच मिटेल. म्हणून सीमारेषा निळ्या पट्टीच्या असतात, वाळूत रोवून ताणून बसवलेल्या. पेनल्टी क्षेत्राची तर रेघच नसते. बाजूला पिवळे झेंडे लावतात आणि त्या दोन झेंड्यांना जोडणारी रेषा मनातल्या मनात ओढायची. गोलपासून ९ मीटरवर. पहिल्यांदा बघताना मला हे विचित्र वाटलं होतं. पंच इतक्या खात्रीने पेनल्टी देतो, ती कुठली रेघ बघून, हेच कळेना.

आता ग्रुपवरच्या प्रश्नाकडे थोडं वळू. समुद्र आपल्याला देतो ती ओली, घट्ट वाळू. या खेळाला हवी कोरडी, चाळलेली, मापाने टाकलेली. ती ट्रकमधून आणून कुठेही पसरता येते. बेलारूसच्या राजधानीत, मिन्स्कमध्येही.

चेंडू हवेत का असतो?

मैदानाचं माप बघा. लांबी ३५ ते ३७ मीटर, रुंदी २६ ते २८. नेहमीच्या मोठ्या फुटबॉल मैदानात अशी जवळपास सात मैदानं बसतील. गोल साडेपाच मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच, म्हणजे नेहमीच्या गोलपेक्षा लहान, पण मैदान ज्या प्रमाणात लहान झालं त्या मानाने चांगलाच मोठा.

या मैदानावर जमिनीलगत पास द्यायचा म्हणजे नशिबावर हवाला. वाळूत पायांचे खड्डे पडलेले असतात. चेंडू खड्ड्याच्या काठाला लागला की डावीकडे जाईल की उजवीकडे, हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यामुळे खेळाडू एक युक्ती करतात. पायाची बोटं चेंडूखाली घालायची, हलकेच वर उचलायचा आणि मग तो हवेत असतानाच साथीदाराकडे किंवा थेट गोलवर मारायचा. चेंडू खाली पडायच्या आत मारलेल्या फटक्याला व्हॉली म्हणतात. मोठ्या फुटबॉलमध्ये एखाद्या सामन्यात दोन-चार चांगल्या व्हॉली दिसल्या तर लोक खूश होतात. इथे तीच रोजची भाजी-भाकरी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बायसिकल किक. गोलकडे पाठ करून उडी मारायची, अंग हवेत आडवं करायचं आणि डोक्यावरून चेंडू मागे गोलवर मारायचा. मोठ्या फुटबॉलमध्ये ही किक बसली की वर्षभर तिचे व्हिडिओ फिरतात. बीच सॉकरमध्ये ती जवळजवळ प्रत्येक सामन्यात दिसते, आणि त्याचं कारण फार साधं आहे. पाठीवर पडायला खाली गादी आहे! हिरवळीवर जो प्रयोग करताना माणूस दहा वेळा विचार करतो, तो वाळूत करायला भीती नाही. शिवाय रुतलेल्या पायांनी वळून फटका मारण्यापेक्षा उलटं होऊन मारणं पुष्कळदा लवकर होतं.

आणि गोलकीपर. माझ्या मते या खेळातला सगळ्यात बघण्यासारखा माणूस. बाकीचे चौघे चेंडूशी आणि वाळूशी एकाच वेळी झुंजत असतात. याच्याकडे हात आहेत. हाताने फेकलेला चेंडू खड्ड्यात अडकत नाही, नेमक्या छातीवर किंवा डोक्यावर पोचतो. त्यामुळे बहुतेक हल्ल्यांची सुरुवात गोलकीपरच्या फेकीने होते. कधी तो स्वतःच पुढे येऊन पाचवा हल्लेखोर होतो. समोर बचावाला चारच मैदानी खेळाडू, म्हणजे हिशेब आपल्या बाजूने. पण मागे गोल मोकळा. चेंडू हातचा गेला तर समोरचा आपल्या अर्ध्यातूनच रिकाम्या गोलवर मारू शकतो. दार सताड उघडं ठेवून शेजाऱ्याकडे साखर मागायला गेल्यासारखं आहे ते. पुढचा सामना बघाल तेव्हा चेंडू सोडून पाच मिनिटं नुसत्या गोलकीपरकडे बघा, खेळ वेगळाच दिसेल.

नियम: थोडे ओळखीचे, थोडे वेगळे

सामन्याचे तीन डाव असतात, १२-१२ मिनिटांचे. मध्ये तीन मिनिटांची विश्रांती. एकूण ३६ मिनिटं ऐकून कमी वाटतात, पण गोल झाला, फ्री किक मिळाली किंवा कुणी वेळ काढू लागला की घड्याळ थांबतं. म्हणजे ही ३६ मिनिटं खरोखरच्या खेळाची. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, हॉकीसारखे. ते नसतं तर या वाळूत कुणी पुरतं टिकलंच नसतं.

ऑफसाइड नाही. ज्यांना आयुष्यात ऑफसाइड समजला नाही त्यांनी हाच खेळ बघावा.

फाऊल झाला की मात्र महागात पडतं. फ्री किक मारताना समोर खेळाडूंची भिंत उभी करता येत नाही. मारणारा वाळूचा छोटा उंचवटा करतो, चेंडू त्यावर ठेवतो, चार पावलं मागे जातो आणि मग त्याच्यात आणि गोलकीपरमध्ये फक्त हवा असते. इतक्या लहान मैदानात जवळपास कुठूनही गोलवर नेम धरता येतो. त्यामुळे मोठ्या फुटबॉलमध्ये मधल्या भागात सर्रास होणारी ओढाओढ इथे परवडत नाही. लाल कार्ड मिळालेला खेळाडू बाहेरच राहतो, पण दोन मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा आत येऊ शकतो.

बरोबरी हा प्रकारच नाही. ३६ मिनिटांत निकाल लागला नाही तर तीन मिनिटं जादा, तरी नाही तर पेनल्टी. गुणांची मांडणीही त्यानुसार. नियमित वेळेत जिंकलात तर ३ गुण, जादा वेळेत जिंकलात तर २, पेनल्टीवर जिंकलात तर १. हरलात तर काही नाही.

हे एकदा कागदावर मांडून बघा. एका संघाने दोन सामने पेनल्टीवर जिंकले, त्याचे गुण झाले दोन. दुसऱ्याने एकच सामना जिंकला पण वेळेत, दुसरा हरला, तरी त्याचे गुण तीन. दोन विजय एका विजयापेक्षा कमी! त्यामुळे ३-३ असताना शेवटच्या दोन मिनिटांत कुणी मागे जाऊन बसत नाही. आता गोल केला तर तीन, थांबलो तर जास्तीत जास्त दोन, आणि शून्याचीही भीती. म्हणून शेवटचा डाव बहुतेकदा धुमश्चक्रीचा होतो.

मग बेलारूस, स्वित्झर्लंड, पॅराग्वे कसे?

बेलारूस हा एकच नमुना असता तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण २००९ साली दुबईत अंतिम फेरीत ब्राझीलसमोर कोण होतं? स्वित्झर्लंड. आल्प्सच्या कुशीतला देश. ते १०-५ हरले, पण त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल केले त्यांच्याच डेयान स्टॅन्कोविचने, १६. २०१९ मध्ये स्पर्धा भरवली पॅराग्वेने, त्यालाही समुद्र नाही. लुके शहरातल्या त्या स्टेडियमचं नाव 'लोस पिनान्दी'. तिथल्या ग्वारानी भाषेत पिनान्दी म्हणजे अनवाणी. त्यांच्या संघाचंही टोपणनाव तेच. २०२१ ची स्पर्धा मॉस्कोत झाली. रशियाने २०११ मध्ये इटलीतल्या रावेन्नात ब्राझीलला अंतिम सामन्यात १२-८ असं हरवलं, २०१३ मध्ये पुन्हा जिंकले आणि २०२१ मध्ये घरच्या वाळूवरही.

आता यात सूत्र काय? थंड देशात उघड्यावर खेळायचे महिने मोजकेच, म्हणून हे लोक छपराखाली वाळू पसरतात आणि बाराही महिने सराव करतात. किनाऱ्यावरच्या देशाला वाटतं, वाळू आहेच की, खेळू कधीतरी. ज्याच्याकडे नाही तो ती विकत आणतो, हॉलमध्ये टाकतो, आणि एकदा खर्च केला म्हटल्यावर तिचा वापरही पुरेपूर करतो. बेलारूसने वर्षानुवर्षं स्पेनच्या एका माजी खेळाडूला प्रशिक्षक म्हणून ठेवलं होतं. २०१९ चे युरोपियन गेम्स मिन्स्कमध्ये झाले, त्यात बीच सॉकर होतं. आणि २०२५ ची अंतिम फेरी आभाळातून पडलेली नव्हती. आदल्या वर्षी दुबईत ते चौथे आले होते.

दुसरं कारण माणसांच्या संख्येचं. अकराच्या फुटबॉलसाठी देशात हजारो चांगले खेळाडू लागतात, तेव्हा कुठे त्यातून एक संघ निघतो. इथे चमूच बारा जणांचा. म्हणून ताहितीसारखं बेट, फ्रेंच पॉलिनेशियाच्या सगळ्या बेटांची मिळून लोकसंख्या पावणेतीन-तीन लाखांच्या घरात, २०१५ आणि २०१७ असं दोनदा लागोपाठ अंतिम फेरीत जाऊ शकलं. हो, ताहितीला समुद्र आहे. समुद्राने बिघडत काही नाही, फक्त तेवढ्याने भागत नाही.

आणि तिसरं, जे कुणी मोठ्याने बोलत नाही: फुटबॉलमधले दादा देश इथे फारसे लक्षच घालत नाहीत. सेशेल्सच्या १६ संघांत जर्मनी नव्हता, इंग्लंड नव्हता, फ्रान्स नव्हता, अकराच्या फुटबॉलचा तेव्हाचा जगज्जेता अर्जेंटिनाही नव्हता. ज्या खेळाडूची मोठ्या लीगमध्ये किंमत आहे तो घोटा मुरगळून घ्यायला वाळूत कशाला उतरेल? मोकळ्या राहिलेल्या या जागेत जे देश चिकाटीने बसले, त्यांना जागा मिळाली.

"पण हा खरा खेळ आहे का? नुसता टाइमपास नव्हे?"

हा आक्षेप मी स्वतःही घ्यायचो. एका सामन्यात सात-आठ गोल म्हणजे गोलकीपर कच्चे, बचाव ढिला, बाजूला मोठ्याने वाजणारं संगीत. मग एकदा मे महिन्याच्या सुट्टीत गावी भाचरांबरोबर वरच्या कोरड्या पुळणीवर खेळून बघितलं. पाच विरुद्ध पाच, फोनवर १२ मिनिटं लावली. सहाव्या मिनिटाला माझ्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या. नवव्या मिनिटाला मोठा भाचा, जो कॉलेजच्या संघात खेळतो, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, खाली ओल्यात जाऊ या." तीनपैकी एक डावसुद्धा आमचा पुरा झाला नाही. आणि एकही चेंडू मी ठरवला तिकडे गेला नाही, ते निराळंच.

गोल जास्त होतात त्याला कारणं आहेत. मैदान लहान, भिंत नाही, ऑफसाइड नाही, कुठूनही फटका. बास्केटबॉलमध्ये शंभर गुण होतात म्हणून आपण बचाव ढिला म्हणत नाही. मापं वेगळी म्हणून आकडेही वेगळे. कौशल्य बघायचं तर पोर्तुगालचा माजेर. खरं नाव जोआव व्हिक्टर साराइव्हा, टोपणनाव अल्जेरियाच्या राबाह माजेरवरून पडलेलं, ज्याने १९८७ च्या युरोपियन कपाच्या अंतिम सामन्यात टाचेने गोल केला होता. या दुसऱ्या माजेरने बीच सॉकरच्या विश्वचषकांत ८८ गोल केले, त्यातले २१ एकट्या २००६ च्या स्पर्धेत. निवृत्त नामवंतांच्या जत्रेत हे होत नाही. तो अकराच्या फुटबॉलचा तारा नव्हता. वाळूतच मोठा झालेला माणूस.

जत्रेतून खेळाकडे जाताना मधे एक पायरी होती, ती एरिक कॅन्टोनाची. मँचेस्टर युनायटेडचा हा हिरो निवृत्तीनंतर बीच सॉकरमध्ये रमला आणि २००५ चा फिफाचा पहिला विश्वचषक फ्रान्सने जिंकला तो त्याच्या मार्गदर्शनाखाली, पोर्तुगालला पेनल्टीवर हरवून.

"शेवटी ब्राझीलच जिंकणार ना?"

बहुतेकदा, हो. फिफाच्या १३ स्पर्धांपैकी सात ब्राझीलच्या. त्याआधीच्या दहांपैकी नऊ त्यांच्याच. पण मधली वर्षं बघा: २०११, २०१३, २०१५ या तिन्ही वेळा ते रिकाम्या हाताने परतले. आजवर फिफाचा चषक ब्राझीलशिवाय तिघांनीच उचललाय, रशियाने तीनदा, पोर्तुगालने दोनदा, फ्रान्सने एकदा. त्यातला रशिया २०२२ पासून युक्रेनवरच्या हल्ल्यामुळे फिफाच्या स्पर्धांतून बाहेर आहे, त्यामुळे २०२१ चा विजेता पुढच्या स्पर्धेत चषक राखायला उतरलाच नाही. त्यानंतरच्या दोन्ही स्पर्धा ब्राझीलने जिंकल्या, २०२४ ला दुबईत इटलीविरुद्ध ६-४ आणि २०२५ ला सेशेल्समध्ये ४-३. रशिया असता तर काय झालं असतं, यावर बीच सॉकरवाले तासन्‌तास भांडू शकतात.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही. बीच व्हॉलीबॉल १९९६ पासून आहे, याला अजून दार उघडलेलं नाही. फिफाचा हा विश्वचषकही आजवर पुरुषांचाच झालाय. सेशेल्सपर्यंत तरी महिलांचा विश्वचषक नव्हता. युरोपात महिला उत्तम खेळतात, हे बघता त्याचं समर्थन कसं करायचं मला कळत नाही.

आपल्याकडे काय?

भारताचा किनारा जुन्या मोजणीने साडेसात हजार किलोमीटर, नव्या मोजणीने अकरा हजारांच्या वर. पण राष्ट्रीय बीच सॉकर स्पर्धा पहिल्यांदा झाली ती थेट २०२३ मध्ये, सुरतजवळच्या डुमस किनाऱ्यावर. केरळ जिंकला, त्यात नवल नाही. उपविजेता कोण होता सांगा बघू. गोवा? महाराष्ट्र? तमिळनाडू? पंजाब!

म्हणजे जो प्रकार जगात बेलारूसने केला तोच आपल्याकडे पंजाबने. मला तर हे वाचून हसूच आलं, आणि मग थोडं वाईटही वाटलं, कारण आमच्या कोकणातल्या पोरांना ती पुळण जन्मापासून फुकट आहे. त्याच वर्षी गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, बीच फुटबॉल कोलव्याच्या किनाऱ्यावर होतं. तिथे गोव्याचा संघ अंतिम फेरीत गेला, पण सुवर्ण पुन्हा केरळचं. मे २०२५ मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर पहिल्या खेलो इंडिया बीच गेम्स झाल्या, त्यातही हा खेळ होता.

भारताचा राष्ट्रीय संघ मार्च २०२५ मध्ये थायलंडमधल्या पट्टायाला आशियाई स्पर्धेत उतरला होता. गटात यजमान थायलंड, कुवेत आणि लेबनॉन. तिथून सेशेल्सची तिकिटं गेली इराण, ओमान आणि जपानला. इराणकडे पाहा, २०२४ च्या विश्वचषकात ते तिसरे होते, बेलारूसला ६-१ ने हरवून. म्हणजे आशियाचं दार अरुंद आहेच, आणि दारात उभा असलेला माणूसही दांडगा आहे.

त्या १२ मिनिटांच्या डावानंतर माझा भाचा मात्र हट्टाला पेटलाय. मागच्या वेळी गेलो तेव्हा तो आणि त्याचे मित्र सुरूच्या बनाखालच्या कोरड्या पट्ट्यात बांबूचे दोन गोल रोवून बसले होते. सीमेला नायलॉनची दोरी. शिंपले वेचायचं काम धाकट्यांकडे, त्यासाठी घरातली पिठाची चाळण आणली होती. चाळण कुणाच्या आईची आणि तिला विचारलं होतं का, हे मी विचारलं नाही.